तबेल्यातली बिनखिडकीची भिंत

मागच्या ऑक्टोबरात इंग्लंडमधल्या सफक परगण्यात एका जुन्या शेतावरच्या तबेल्यात दोन रात्री राहिलो. आता ते सुट्टीसाठी भाड्याने मिळणारं घर आहे. 'मूळ वास्तू जपून केलेलं नूतनीकरण', असं जाहिरातीत होतं. माझी तक्रार त्या 'जपून'बद्दल आहे.

मुंबईत तबेला म्हटलं की म्हशी आठवतात. इथे घोडे होते, तेही शर्यतीचे नाहीत, नांगराचे. सफक पंच नावाची तांबूस, टनाच्या आसपास वजनाची जात. अशा तबेल्याची सगळी मापं या जनावरावरून ठरायची. साज चढवलेला घोडा जाईल इतकं दार रुंद, आणि साज अडकू नये म्हणून चौकटीच्या कडा बऱ्याचदा गोल केलेल्या. दार आडवं दुभागलेलं: खालचं बंद, वरचं हवेसाठी उघडं. फरशी गोट्यांची किंवा विटांची, मूत वाहून जावं म्हणून गटाराकडे उतरती. आणि एक लांब भिंत बिनखिडकीची. तिला लागून गव्हाण, गव्हाणीवर वैरणीची जाळी, घोड्यांची तोंडं तिकडेच.

वर गवताचा माळा. वैरण एकदा वर चढवली की रोज झडपेतून थेट जाळीत ढकलायची, उरलेलं काम गुरुत्वाकर्षणाचं. कोडमध्ये असं काही सापडलं तर मी आधी लिहिणाऱ्याचं नाव बघतो. इथे नाव नाही, कोणीतरी गावचा सुतार. अर्थात रचना निर्दोष नव्हती. खालच्या वाफेने आणि वासाने वरचं गवत खराब होतं, ही टीका एकोणिसाव्या शतकातच झाली होती.

आमच्या घरात त्या बिनखिडकीच्या भिंतीला तीन मोठ्या खिडक्या पाडल्यात. बाहेर शेतं दिसतात, फोटो छान येतात. फरशी सपाट करून खाली हीटिंग टाकलंय. गव्हाणीचा एक तुकडा ठेवलाय, त्यात कुंड्या. ठाणांमधल्या लाकडी आडभिंतींपैकी एकच खांब उरलाय, घोड्याने चावून चावून झिजवलेला, तो टीव्हीमागे. कंदिलाच्या कोनाड्यात राउटर. राउटरवर माझा राग नाही, कोनाडा निदान काहीतरी ठेवायच्या कामी येतोय. पण त्या भिंतीला खिडकी नसणं ही उणीव नव्हती, ती तबेल्याची मुख्य कल्पना होती. ती फोडल्यावर उरतं ते विटांचं खोकं.

बदलच नको, असं मी म्हणत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रॅक्टरांनी घोड्यांची जागा घेतली. या इमारती यंत्रांना बुटक्या पडल्या, कित्येकांची छपरं कोसळली. २०१४पासून इंग्लंडमध्ये अनेक शेती इमारतींची घरं करायला पूर्ण नियोजन परवानगी लागत नाही. वारसा यादीतल्या इमारतींना ती सवलत नाही. पण असे साधे तबेले सगळेच कुठे यादीत असतात? तिथे काय राखायचं हे मालकाच्या आणि वास्तुकाराच्या नजरेवरच सुटतं. इथे ती नजर फोटोवर होती. उजेड दाराच्या वरच्या अर्ध्या भागाला काच लावून, माळ्याच्या गवत चढवायच्या दारातून घेता आला असता. खोली थोडी अंधारी राहिली असती, चाललं असतं.

जॉर्ज इवर्ट एव्हन्स यांनी सफकच्या म्हाताऱ्या घोडेवाल्यांशी बोलून 'द हॉर्स इन द फरो' हे पुस्तक १९६०मध्ये काढलं. या लोकांचा दिवस पहाटे अंधारात सुरू व्हायचा, कारण जुंपण्याआधी घोड्याचं खाणं पचायला हवं. मग खरारा, मग साज. इंग्लंडात काही ठिकाणी घोडे सांभाळणारी पोरं तबेल्याच्या माळ्यावरच झोपत. ऊब खालच्या घोड्यांची, वासही त्यांचाच.

आमचा बेड त्याच माळ्यावर होता. जाहिरातीत त्याला 'रोमँटिक' म्हटलं होतं आणि त्याचे वेगळे पैसे लावले होते. झडपेच्या जागी नवी फळी होती. तिथे पाय पडला की पोकळ वाजायचं.