सार्वजनिक ग्रंथालय आणि न येणारा वाचक

‘लोक वाचीतच नाहींत,’ हा उद्गार वाचनालयांच्या वार्षिक सभांतून इतक्या वेळां ऐकूं येतो कीं, तो एक सिद्धांतच आहे असें पुष्कळांस वाटूं लागलें आहे. आमच्या मतें हा निकाल एकतर्फी आहे. कारण तो देतांना न येणाऱ्याची बाजू कोणी ऐकून घेतलेली नसते.

ग्रंथालयशास्त्राच्या पांच सूत्रांवरील रंगनाथन यांचा इंग्रजी ग्रंथ १९३१ सालीं प्रसिद्ध झाला. ग्रंथ उपयोगासाठीं असतात, हें त्यांतील पहिलें सूत्र दिसावयास अगदीं साधें आहे. परंतु ग्रंथकारानें त्याच्या आधारें ग्रंथालयाची जागा, उघडण्याच्या वेळा, बसण्याची सोय व नोकरवर्ग या सर्वांची झडती घेतली आहे. वाचक आला नाहीं तर ग्रंथालयानें आधीं स्वतःकडे पाहावें, असा त्या विवेचनाचा रोख आहे. हीच कसोटी पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कारखानदारीच्या पट्ट्यास लावून पाहूं.

पेनिसिलिन तयार करण्यासाठीं पिंपरीस सरकारी कंपनी निघाली ती १९५४ सालीं. १९७० सालीं येथें नगरपालिका आली, १९८२ सालीं महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या शिरगणतींत वस्ती १७ लाखांवर गेली. येथील कामगार पाळ्यांत राबतो; पुष्कळ कारखान्यांची आठवड्याची सुटी रविवारीं नसून गुरुवारीं असते. मग सकाळसंध्याकाळ थोडा वेळ उघडणारें वाचनालय त्याच्या कोणत्या घटकेस उपयोगी पडावें? शिवाय वर्गणीवर चालणाऱ्या वाचनालयांत अनामत रक्कम व राहण्याचा पुरावा मागण्याची रीत आहे. चाकणास भाड्याच्या एका खोलींत चौघांबरोबर राहणाऱ्या मराठवाड्यांतील वा बिहारांतील तरुणानें कायमचा पत्ता कोणता द्यावा? इतकें करून तो आंत आलाच, तर कपाटांत कादंबऱ्या पुष्कळ असतात. त्याच्या हातांतील यंत्राविषयीं सुबोध मराठी वा हिंदी पुस्तक मात्र क्वचितच मिळतें.

याच्या उलट, अभ्यासिकांतून जागा मिळत नाहीं. तेथें स्पर्धा-परीक्षांचे उमेदवार स्वतःचीं पुस्तकें घेऊन येतात. त्यांना हवा असतो दिवा, पंखा, टेबल आणि शांतता. हें कांहीं खरें वाचन नव्हे, असें म्हणून जुने सभासद नाक मुरडतात. आम्हांस तें पटत नाहीं. ज्याच्या घरांत कोपराभर जागा नाहीं, त्याला शांत बैठक देणें हेंही ग्रंथालयाचें काम आहे. दोष आहे तो निराळाच: अभ्यासिकेंतून ग्रंथांच्या कपाटाकडे जाणारी वाट त्या उमेदवारांस कोणी दाखवीत नाहीं.

या दोषाचें मूळ व्यवस्थेंत आहे. मद्रास प्रांताच्या १९४८ च्या कायद्यांत ग्रंथालयांसाठीं कर बसविण्याची तरतूद होती. महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्यानें तसा कर न बसवितां मुख्य भिस्त अनुदानावर ठेविली. म्हणून अनुदान व वर्गणी यांवर संस्था कशाबशा तग धरतात, आणि ‘सार्वजनिक’ या शब्दाचा अर्थ ‘सभासदांपुरतें’ असा आकुंचित होतो. अल्प वेतनावर हीं दारें उघडीं ठेवणाऱ्या ग्रंथपालांविषयीं आम्हांस आदरच आहे. पण त्यांच्या कष्टानें कायद्यांतील उणीव भरून निघत नाहीं.

बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनीं १९१० सालीं अमेरिकेंतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालास आणविलें व राज्यांत मोफत ग्रंथालयांचें जाळें विणण्यास आरंभ केला. खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या फिरत्या पेट्या जात. वाचक येत नाहीं, तर ग्रंथ त्याच्याकडे जावा, इतका तो साधा विचार होता. तशी पेटी चाकणच्या कामगारवस्तींत जाण्यास आजही कोणती अडचण आहे?

आमच्या वाचकांपैकीं कित्येक जण वाचनालयांच्या कार्यकारी मंडळांवर असतील. त्यांनीं पुढील सभेंत ‘लोक वाचीत नाहींत’ या ठरलेल्या विलापाऐवजीं एकच प्रश्न काढावा: गुरुवारीं आपलें दार किती वाजेपर्यंत उघडें असतें?