गाडीचे ‘अ‍ॅव्हरेज’ : सरासरी, पण कशाची?

“गाडी अ‍ॅव्हरेज किती देते?” नांदेडच्या नव्या मोंढ्यात काय किंवा लातूरच्या मार्केट यार्डात काय, मालवाहू पिकअप घ्यायला निघालेला माणूस किमतीच्या खालोखाल हाच प्रश्न विचारतो. उत्तरही एका आकड्यात मिळते : लिटरला अमुक इतके किलोमीटर. या आकड्यावर तो भाड्याचा दर ठरवतो, महिन्याचा हप्ता बसेल की नाही याचा हिशोब करतो आणि कर्जाच्या कागदांवर सही करतो.

अ‍ॅव्हरेज म्हणजे सरासरी. वर्गात सरासरी शिकवताना आपण मुलांना बजावतो, की सरासरी ऐकली की आधी विचारावे : कशाची? किती नोंदींची? गाडीच्या बाबतीत मात्र हा प्रश्न कोणी विचारत नाही. आपली गणितेही विचारत नाहीत. ‘एक गाडी १ लिटर डिझेलमध्ये १५ किमी जाते, तर २८० किमी जाण्यास किती डिझेल लागेल?’ हे उदाहरण आपण सर्वांनी सोडवलेले आहे. त्यात १५ हा आकडा गाडीच्या रंगासारखा किंवा चाकांच्या संख्येसारखा, तिच्या अंगचा गुण म्हणून येतो. माझा आक्षेप नेमका या समजुतीवर आहे.

आकडा येतो कोठून?

एकूण वजन ३.५ टनांपर्यंत असलेल्या गाड्यांसाठी भारतात एक ठरावीक ‘चालन-चक्र’ वापरले जाते. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था अशा चाचण्या घेते. म्हणूनच जाहिरातीत तिचे नाव आकड्याशेजारी दिसते. चाचणीत गाडी रस्त्यावर धावत नाही. ती जागच्या जागी रोलरवर उभी असते आणि चाके रोलर फिरवतात. केव्हा वेग वाढवायचा, केव्हा थांबायचे, हे सेकंदासेकंदाला आखून दिलेले असते. सारी परीक्षा ११८० सेकंदांची, म्हणजे वीस मिनिटांहून थोडी कमी. सरासरी वेग ताशी ३२ किमीच्या आसपास आणि कमाल वेग ९० किमी.

या पद्धतीत वाईट काही नाही. दोन गाड्यांची तुलना करायची तर दोघींना एकच प्रश्नपत्रिका हवी, आणि तेवढे काम ही चाचणी नीट करते. अडचण निराळी आहे. चाचणीत गाडीचे वजन धरताना रिकाम्या गाडीच्या वजनात चालक आणि थोडे सामान एवढीच भर घातली जाते. प्रवासी मोटारीला हे बऱ्यापैकी लागू पडते. पण पिकअपचा जन्मच दीड टन माल वाहण्यासाठी झालेला! तिची परीक्षा माल न घालता घ्यायची आणि तो आकडा माल वाहणाऱ्याच्या हातात ठेवायचा, ही मोठीच विसंगती आहे. शिवाय रोलरला चढ नसतो, समोरून वारा नसतो आणि गावागावांतले गतिरोधकही नसतात.

नांदेड ते लातूर : कागदावरची फेरी

आता एक फेरी कागदावर करून पाहू. लोहा, अहमदपूर, चाकूर या मार्गाने नांदेडहून लातूर सुमारे १४० किमी आहे. नांदेड गोदावरीच्या काठी, समुद्रसपाटीपासून सुमारे ३६० मीटर उंचीवर वसले आहे. लातूर बालाघाटच्या पठारावर, सुमारे ६३० मीटरवर. म्हणजे लातूरला जाणारी गाडी वाटेतले चढउतार सोडले तरी एकंदरीत २७० मीटर वर चढते. मालासह गाडीचे वजन ३ टन धरू. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते. तिच्यातली ३० टक्के चाकांपर्यंत पोचते असे मानले, तर लिटरमागे साधारण ११ मेगाज्यूल हाती लागतात. बाकीची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने धुराड्यातून आणि रेडिएटरमधून निघून जाते.

ही ऊर्जा मुख्यतः तीन ठिकाणी खर्च होते.

पहिले, टायरचे लोटण-घर्षण. चांगल्या रस्त्यावर आणि पुरेशी हवा भरलेल्या टायरसाठी हे बल वजनाच्या साधारण एक टक्का, म्हणजे आपल्या गाडीसाठी ३०० न्यूटन असते. त्याला १ लाख ४० हजार मीटरने गुणले की ४२ मेगाज्यूल होतात.

दुसरे, हवेचा विरोध. अशा गाडीला ताशी ६० किमी वेगाला तोही सुमारे ३०० न्यूटन धरता येईल, म्हणजे आणखी ४२ मेगाज्यूल. पण हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग ८० केला की तो जवळजवळ पावणेदोन पट होतो आणि ४२ चे ७५ मेगाज्यूल होतात. केबिनच्या वर ताडपत्री फुगवून माल रचला असेल, तर याहूनही जास्त.

तिसरे, चढ. ३००० किलो, ९.८ आणि २७० मीटर यांचा गुणाकार केला की ८ मेगाज्यूल येतात. लिटरमध्ये सांगायचे तर पाऊण लिटरच्या आत. चढाची आपल्याला फार धास्ती वाटते, पण सबंध फेरीत त्याचा वाटा लहान निघतो, हे मुलांना गणित करूनच पटेल.

आता बेरीज करू. भरलेली गाडी ६० च्या वेगाने लातूरला गेली तर ९२ मेगाज्यूल, म्हणजे ८.४ लिटर लागतात आणि लिटरला सुमारे १७ किमी पडतात. तीच गाडी, तोच माल, तोच रस्ता; वेग ८० केला की १२५ मेगाज्यूल, ११.४ लिटर आणि लिटरला १२ किमी. परत येताना रिकाम्या गाडीचे वजन १.६ टन धरले, तर टायरचा खर्च २२ मेगाज्यूलवर येतो आणि उतारामुळे ४ मेगाज्यूल वाचतात. पण ‘गाडी रिकामीच आहे’ म्हणून चालकाने ती ८० ने पळवली, तर हवेचे ७५ मेगाज्यूल तसेच राहतात. एकूण ९३ मेगाज्यूल, म्हणजे ८.५ लिटर. रिकामी गाडी उताराच्या दिशेने, आणि तरी डिझेल जवळपास तेवढेच, जेवढे भरलेल्या गाडीला चढाच्या दिशेने संथ जाताना लागले!

हे आकडे ढोबळ आहेत. इंजिनाची कार्यक्षमता वेगानुसार, गिअरनुसार बदलते आणि थांबण्याचा खर्च आपण धरलेलाच नाही. तोही पाहू. ३ टनांची गाडी ६० च्या वेगात असताना तिची गतिज ऊर्जा सुमारे ४ लाख १७ हजार ज्यूल असते. ब्रेक मारून गाडी थांबवली की ही सारी ऊर्जा ब्रेक तापवण्यात जाते आणि पुन्हा वेग घेण्यासाठी सुमारे ३८ मिलिलिटर डिझेल जळते. असे २५ वेळा झाले की एक लिटर संपले. लोह्याच्या बाजारातली गर्दी आणि प्रत्येक फाट्यावरचा गतिरोधक हिशोबात कोठे बसतात, ते यावरून कळेल. म्हणून प्रत्यक्षातला आकडा आपल्या कागदी आकड्यापेक्षा कमीच येणार.

एकाच गाडीचे एकाच रस्त्यावर १७ आणि १२ असे दोन आकडे निघाले. यातले तिचे ‘खरे’ अ‍ॅव्हरेज कोणते? प्रश्नच चुकीचा आहे. गाडी, वजन, वेग, रस्ता आणि चालक या सर्वांनी मिळून तो आकडा घडतो. अटी सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. पाण्याचा उत्कलनबिंदू सांगताना हवेचा दाब सांगावा लागतो, तसेच हे आहे.

सरासरीचा सापळा

समजा, एक गाडी जाताना लिटरला १० आणि येताना लिटरला १५ किमी देते. सबंध फेरीची सरासरी किती? वर्गात विचारा, बहुतेक हात १२.५ साठी वर होतील. प्रत्यक्षात जाताना १४ लिटर आणि येताना ९.३ लिटर, मिळून २३.३ लिटरमध्ये २८० किमी झाले. म्हणजे सरासरी १२. चूक लहान दिसते, पण ती नेहमी एकाच बाजूला झुकते, गाडी आहे त्याहून चांगली दाखवते.

‘लिटरला किलोमीटर’ हे मापच थोडे फसवे आहे. रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल या अमेरिकी संशोधकांनी २००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हा भ्रम दाखवून दिला. आपल्याकडचे उदाहरण घेऊ. एकाने मोटारसायकल बदलली आणि अ‍ॅव्हरेज ५० वरून ७० वर गेले. दुसऱ्याने पिकअप बदलली आणि ते १० वरून १२ वर गेले. २८० किमीच्या फेरीत डिझेल-पेट्रोल कोणाचे जास्त वाचले? पहिल्याचे १.६ लिटर, दुसऱ्याचे ४.७ लिटर. वीसची उडी लहान ठरली आणि दोनची मोठी! ‘१०० किमीला किती लिटर’ असे माप वापरले, की हा गोंधळ होत नाही. अमेरिकेतल्या नव्या गाड्यांच्या लेबलावर २०१३ पासूनच्या मॉडेलांत ‘१०० मैलांना किती गॅलन’ हाही आकडा छापू लागले. मात्र एकूण वजन ८५०० पौंडांहून, म्हणजे सुमारे ३८५० किलोंहून जास्त असलेल्या तेथील दणकट पिकअपना हे लेबलच बंधनकारक नाही. ज्या गाड्या सर्वांत जास्त इंधन पितात, त्यांच्याबद्दलच गिऱ्हाईक अंधारात!

मालवाहू गाडीसाठी तर आणखी एक प्रश्न विचारायला हवा : एक टन माल एक किलोमीटर न्यायला किती डिझेल लागले? समजा, दीड टन माल नेणारी पिकअप लिटरला ११ किमी देते आणि १६ टन नेणारा ट्रक लिटरला ४ किमी. ‘अ‍ॅव्हरेज’मध्ये पिकअप कितीतरी पुढे. पण टनामागे, किलोमीटरमागे पिकअपला ६१ मिलिलिटर आणि ट्रकला अवघे १६ मिलिलिटर लागतात. रेल्वे याच्याही पुढे, कारण पोलादी रुळावर पोलादी चाकाचे लोटण-घर्षण टायरच्या तुलनेत फारच कमी असते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून पाणी आणले गेले. त्या पहिल्या गाडीच्या १० वाघिणींमध्ये ५ लाख लिटर, म्हणजे ५०० टन पाणी होते. हेच पाणी पिकअपने आणायचे तर ३३३ फेऱ्या लागल्या असत्या. अर्थात, अर्धापूरच्या केळीच्या बागेत रेल्वे जात नाही. तेथे पिकअपच लागते. कोणते वाहन कोणत्या कामाला, हे टन-किलोमीटरच्या हिशोबाने ठरवावे एवढाच मुद्दा.

मागणी काय करावी?

भरलेल्या गाडीचा आकडा देणे अशक्य आहे, असे कोणी म्हणू नये. २०१७ साली १२ टन व त्याहून अधिक वजनाच्या डिझेल वाहनांसाठी भारतात जी इंधनखर्चाची मानके अधिसूचित झाली, त्यांत ट्रक पूर्ण भारासह ताशी ४० आणि ६० किमी अशा स्थिर वेगांनी तपासला जातो आणि खर्च १०० किमीला लिटर असाच मांडला जातो. गाड्यांच्या धुराची चाचणीही एप्रिल २०२३ पासून प्रत्यक्ष रस्त्यावर होऊ लागली आहे. मग पिकअपच्या माहितीपत्रकावर ‘रिकामी’ आणि ‘भरलेली’ असे दोन आकडे वेगासह का छापू नयेत?

यात माणसाचे किती नुकसान होते पाहा. कोणी १५ धरून भाडे ठरवले आणि प्रत्यक्षात ११ पडले, तर २८० किमीच्या प्रत्येक फेरीत जवळपास ७ लिटर जास्त जातात. महिन्याला २० फेऱ्या धरल्या तर सुमारे १३५ लिटर. हे पैसे हप्त्यातूनच वजा होतात.

विद्यार्थ्यांसाठी काम

आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांपैकी कोणा ना कोणाच्या घरी किंवा शेजारी पिकअप, टेम्पो असतोच. मालकाच्या संमतीने महिनाभर वही ठेवावी. रकाने असे : तारीख, कोठून कोठे, माल (कट्टे आणि वजन), मीटरची नोंद, टाकी काठोकाठ भरताना लागलेले डिझेल, साधारण वेग, थांबे. काठोकाठ भरण्यात अर्ध्या लिटरची चूक होऊ शकते. १२ लिटरवर ती ४ टक्के आहे, पण पाच भरण्यांचे मिळून ६० लिटर झाले की एका टक्क्याच्या आत येते. मीटर मैलाच्या दगडांशी ताडून पाहावा. ३५ सेंटिमीटर त्रिज्येचा टायर एक सेंटिमीटर झिजला, तर गाडी १०० किमी गेल्यावर मीटर सुमारे १०३ दाखवतो.

महिन्याच्या शेवटी आडव्या अक्षावर वजन आणि उभ्या अक्षावर १०० किमीला लागलेले लिटर घेऊन आलेख काढावा. बिंदू एका रेषेत बसणार नाहीत. ते का पसरले, याची चर्चा हाच खरा पाठ : त्या दिवशी पाऊस होता का, टायरमध्ये हवा कमी होती का, की गाडी नुसतीच पळवली होती? वही मालकालाही दाखवावी. पुढच्या हंगामात सोयाबीनचे भाडे ठरवताना त्याच्यापाशी स्वतःच्या गाडीचे, स्वतःच्या रस्त्याचे आणि स्वतःच्या मालाचे आकडे असतील.