भाकरी कोणी थापली?

मराठी साहित्यात भाकरीइतका राबवून घेतलेला शब्द दुसरा क्वचितच असेल. कामगारांच्या कवितेने तिला चंद्राच्या जागी बसविले. चळवळीच्या गाण्यांनी तिला घोषणेत आणले. दलित आत्मकथनांनी तिच्यावरचा उष्टेपणाचा डाग जगाला दाखविला. तरीही एक साधा प्रश्न आपल्या समीक्षेने फारसा विचारलेला नाही. ही भाकरी कोणी थापली?

आधी भाकरी आली कुठून, ते पाहू. १९७० साली कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ प्रसिद्ध झाले. वाटी-चमच्याचे प्रमाण देऊन या पुस्तकाने असंख्य नवशिक्या गृहिणींची सोय केली, हे मान्य केले पाहिजे. पण वाटीभर पीठ घ्या असे सांगणाऱ्या पाकशास्त्राला घरात पीठ आहे, हे गृहीत धरावेच लागते. १९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ आले आणि ते गृहीतच मोडून पडले. गावकीची कामे, त्यांच्या मोबदल्यात हक्क म्हणून मिळणारे आणि भीक म्हणून टाकले जाणारे धान्य, दारोदार हिंडून आणलेली भाकरी. आठ वर्षांच्या अंतराने एकाच भाषेत आलेली ही दोन पुस्तके. एकात प्रमाण वाटीचे, दुसऱ्यात पाळी येसकराची.

मागून आणलेल्या भाकरीला स्वतःची चूल नसते. ज्वारीची, बाजरीची, कालची, परवाची, कोरड्यासाने भिजलेली, सगळी एकाच पाटीत पडते. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडा, शिळे तुकडे नाकारा असे सांगितले, तेव्हा ती निव्वळ आरोग्याची शिकवण नव्हती. आपल्या तव्यावर आपली भाकरी, हा राजकीय कार्यक्रम होता. पुढे १९५८ च्या कायद्याने महार वतन संपले. माझ्या आजीच्या सासूने पाळीची भाकरी आणली होती, आजीने आणली नाही. आमच्या घराचा सारा इतिहास आजी एवढ्याच वाक्यात सांगायची.

आपली समीक्षा इथपर्यंत येते आणि थांबते. मागितलेली भाकरी गुलामीची, घरची भाकरी स्वाभिमानाची, असे समीकरण मांडून ती मोकळी होते. पण घरची म्हणजे घरातल्या कोणाची? पाटी फेकून देण्याचा निर्णय सभेत झाला. त्या निर्णयाची अंमलबजावणी मात्र रोज पहाटे काठवटीपुढे बसून कोणीतरी केली.

हे काम काय आहे, हे नीट पाहिले पाहिजे. गव्हाच्या पिठाला अंगचा चिकटपणा असतो, ज्वारीच्या पिठाला तो नसतो. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते, मग उकळते पाणी घालून ते मळावे लागते. मळायचे एकेका भाकरीपुरते, तळहाताने रगडून रगडून. थापताना कडेला चीर जाऊ द्यायची नाही. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी आटता आटता भाकरी उलटायची, उशीर झाला तर तडे पडतात. शेवटी इंगळाला लावून फिरवायची, तेव्हा पापुद्रा सुटून ती फुगते. घरात खाणारी आठ तोंडे असली की हे वीस-बावीस वेळा करायचे. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो मिळे. त्याची भाकरी हाताखालीच तुटायची, असे आजी सांगे. धान्य बाहेरदेशाहून आले, पण तुटक्या भाकरीची बोलणी आजीने खाल्ली.

या हाताकडे साहित्याने कसे पाहिले? ‘बहिणाबाईंची गाणी’ १९५२ साली प्रसिद्ध झाली. तव्याच्या चटक्यातून बहिणाबाईंनी संसाराचा अर्थ सांगितला. त्या स्वतः चुलीपुढे बसलेल्या होत्या, त्यामुळे तो त्यांचा अधिकारच होता. पण आमच्या पाठ्यपुस्तकी रसिकतेने त्या चटक्याचे सुभाषित केले. चटका सोसणे हाच बाईचा धर्म, असा सोयीचा अर्थ काढून तो लग्नसमारंभांत वाटला. जळलेला हात राहिला बाजूला, रूपक तेवढे उजळले.

बेबीताई कांबळे यांनी हे रूपक नाकारले. ‘जिणं आमुचं’ १९८२ साली ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ साली पुस्तकरूपाने निघाले. त्यातली कोवळ्या वयाची सून अंधारातच जात्यावर बसते, मग भाकरीला बसते. तिची भाकरी बिघडली की सासू शेजारणी गोळा करते आणि ती भाकरी दाखवून सुनेचा उद्धार करते. इथे भाकरी म्हणजे चंद्र नाही आणि संसारही नाही. इथे भाकरी हा सुनेविरुद्धचा पुरावा आहे. गावाने महारवाड्याला जसे वागविले, तसे महारवाड्याने आपल्या सुनेला वागविले, हे लिहायला जे धैर्य लागते ते निषेधाच्या कवितेला लागणाऱ्या धैर्याहून कमी नाही. या पुस्तकाकडे आपण बाबासाहेबांच्या चळवळीची साक्ष म्हणून पाहिले, ते योग्यच. पण त्यातल्या काठवटीवर आपण बोललो नाही.

मीही बोललो नाही. वर्गात ‘बलुतं’ शिकविताना भाकरीवर मी तासच्या तास घेतले आहेत. एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, तुम्हाला भाकरी येते का?” वर्ग हसला, मीही हसलो. घरातला पहिला पदवीधर मी. माझ्या परीक्षांच्या काळात पहाटे दिव्याखाली मी वाचीत असे आणि पलीकडे भाकरी थापल्याचा आवाज येत असे. तो आवाज मला अभ्यासाची सोबत वाटे. तो आईच्या कामाचा आवाज आहे, हे कळायला त्या मुलीचा प्रश्न लागला. त्या रविवारी काठवट घेऊन बसलो. पहिल्या तीन भाकऱ्या तव्यावर जाण्याआधीच फाटल्या.

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. रस्त्याकडेच्या हॉटेलांवर ‘चुलीवरची भाकरी’ अशा पाट्या दिसतात. गिऱ्हाइकाला दिसेल अशी एक बाई धुरात बसविलेली असते. भाकरीला प्रतिष्ठा आली, त्या बाईला मजुरी किती मिळते हे कोणी विचारत नाही. शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीला दस्तऐवजाचे मोल दिले. त्या पुस्तकामुळे पाककृतीसुद्धा साक्ष देते, हे सिद्ध झाले. आता तीच साक्ष समीक्षेने तपासली पाहिजे.

यंदा मी ‘बलुतं’ आणि ‘जिणं आमुचं’ एकाच सत्रात लावली आहेत. पाटीवर जितके तास, तितकेच काठवटीवर.