मत खोडावे, माणूस नव्हे

‘संयमाने बोला’ हा उपदेश आपल्याला नवा नाही. तो बहुधा आपले तोंड बंद करण्यासाठीच केला जातो. म्हणूनच वादाची शिस्त आपण आपल्या परंपरेतून घेतली पाहिजे.

लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने अधिवेशन रद्द केले, तेव्हा बाबासाहेबांनी ते न झालेले भाषण १९३६ साली स्वतः छापले. गांधीजींनी ‘हरिजन’मधून त्यावर टीका केली, पुस्तिकेच्या आठ आणे किमतीलाही नाव ठेवले. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी गांधीजींची ती टीका छापली आणि सोबत आपले उत्तरही दिले. प्रतिपक्षाचे म्हणणे त्यांनी लपवले नाही.

उत्तर मवाळ मुळीच नव्हते. वडिलोपार्जित धंदाच करावा असे सांगणारे, जन्माने बनिया असलेले गांधीजी स्वतः वकिलीकडे कसे वळले, हेही त्यांनी दाखवून दिले. वरवर हा व्यक्तीवरचा घाव वाटतो. पण येथे माणसाचे आयुष्य त्याच्याच सिद्धांताच्या कसोटीला लावले आहे. नुसत्या शिवीने सिद्धांताचा केसही वाकडा होत नाही.

आपल्या सभांत मात्र बुद्ध की मार्क्स हा प्रश्न निघाला, की मुद्दा बाजूला राहतो आणि ‘हा कुणाचा दलाल?’ ही चौकशी सुरू होते. घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजात आलेली मुले हे ऐकतात आणि गप्प बसतात. मीही असाच गप्प बसलो होतो. प्रश्न विचारणारा गप्प झाला, तर चळवळीत उरते काय?

विरोधकाचे म्हणणे आधी पूर्ण मांडा. मग त्याची गय करू नका.