नवजात अर्भकाचे ‘सामान्य’ माप : संदर्भ आणि मानक यांतील भेदाची चिकित्सा

प्रस्तावना

मूल जन्माला येताच त्याचे वजन, लांबी आणि डोक्याचा घेर यांची नोंद केली जाते व ती एका तक्त्याशी ताडून पाहिली जाते. बाळ ‘सामान्य’ आहे की नाही, याचा पहिला निर्णय हा तक्ता देतो. तो तक्ता कोणत्या बाळांच्या मापांवरून तयार झाला, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखकाचे क्षेत्र वैद्यक नाही. तथापि येथे प्रश्न मोजण्याच्या तंत्राचा नसून ‘सामान्य’ या संकल्पनेचा आहे. म्हणून नवजात अर्भकांसाठीच्या काही प्रमुख तक्त्यांच्या आधारे या संकल्पनेची चिकित्सा येथे केली आहे.

‘सामान्य’चे दोन अर्थ

मराठीत ‘सामान्य’ म्हणजे बहुसंख्यांमध्ये आढळणारे. आणि ‘प्रकृती सामान्य आहे’ असे म्हणताना त्याचा अर्थ निकोप असाही होतो. हे दोन अर्थ एक नव्हेत, हे फ्रेंच विचारवंत जॉर्ज कांगिलेम यांनी १९४३ मध्येच आपल्या वैद्यकविषयक प्रबंधात दाखवून दिले होते. वाढीच्या शास्त्रात हाच भेद ‘संदर्भ’ आणि ‘मानक’ या दोन संज्ञांनी व्यक्त होतो. संदर्भ हा एखाद्या समूहातील बाळे कशी आहेत एवढेच सांगतो. मानक हे अनुकूल परिस्थितीत बाळे कशी असावीत हे सांगते. पहिले वर्णन आहे, दुसरे मूल्यविधान आहे.

वर्णनाला मूल्याचे स्थान मिळाल्यास काय होते, याचे उदाहरण म्हणजे लुला लुबचेन्को यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेला तक्ता. त्याचे महत्त्व निर्विवाद आहे. २५०० ग्रॅमच्या सरसकट मर्यादेमुळे अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि पूर्ण दिवस भरूनही खुरटलेले बाळ एकाच वर्गात मोडत असे. लुबचेन्को यांनी वजनाची सांगड गर्भवयाशी घातल्यामुळे हा भेद स्पष्ट झाला. परंतु हा तक्ता अमेरिकेतील डेन्व्हर शहरातील बाळांवर आधारलेला होता. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचीवर आहे आणि अशा उंचीवर जन्मवजन काहीसे कमी भरते. एका शहराचा हा संदर्भ पुढे दूरदूरच्या रुग्णालयांत मानकासारखा वापरला गेला.

जागतिक मानक आणि नागपूर

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये सहा देशांतील मुलांवरून वाढीची मानके प्रसिद्ध केली. त्यांत दक्षिण दिल्लीतील मुले होती. या मानकांनुसार जन्मवेळचे मध्यक वजन मुलग्यांसाठी ३.३ व मुलींसाठी ३.२ किलो आहे. गर्भवयानुसार नवजात मापांची मानके २०१४ मध्ये ‘इंटरग्रोथ-२१’ प्रकल्पाने दिली. त्यासाठी निवडलेल्या आठ ठिकाणांपैकी एक मध्य नागपूर होते. मातांची प्रकृती, पोषण आणि परिस्थिती अनुकूल असेल, तर गर्भाची वाढ सर्वत्र सारखीच होते, हे या प्रकल्पाचे गृहीतक होय.

या भूमिकेचे नैतिक बळ मोठे आहे. ‘आपल्याकडची बाळे लहानच असतात’ या समजुतीला तिने आव्हान दिले. तथापि तिच्या पुराव्यात एक उणीव राहते. विविध ठिकाणांमधील साम्य प्रामुख्याने गर्भाची लांबी, डोक्याचा घेर व नवजात बाळाची लांबी यांवरून सिद्ध केले गेले. नवजात लांबीतील एकूण तफावतीपैकी केवळ ३.५ टक्के तफावत ठिकाणांमधील फरकाची होती. हाडांच्या वाढीबाबतचा हा निष्कर्ष वजनालाही लागू करून सर्व ठिकाणांचा एकच वक्र काढण्यात आला. उलट, जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा देशांतील गर्भवाढीच्या अभ्यासात (२०१७), ज्यात भारतही होता, अनुकूल परिस्थितीतील मातांच्या बाळांतही देशपरत्वे वजनाचा फरक आढळला. म्हणजे लांबीचे साम्य वजनापर्यंत नेण्याची ही पायरी पुरेशी तपासली गेलेली नाही.

पुण्याचा पुरावा

मग भारतासाठी वेगळा तक्ता हवा काय? या प्रश्नाचे उत्तर सोपे नाही, हे पुणे परिसरातील खेड्यांमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासावरून दिसते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत तेथील बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउथहॅम्प्टन येथील बाळांचे सुमारे ३.५ किलो होते. परंतु ही तूट सर्व अवयवांत सारखी नव्हती. स्नायू व पोटातील अवयव लहान होते. त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. अशी शरीररचना पुढील आयुष्यातील मधुमेहाच्या धोक्याशी जोडली जाते.

या बाळांवरूनच ‘भारतीय सामान्य’ ठरवले, तर मातांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे कुपोषण हेच प्रमाण ठरेल आणि तूट कागदावरून नाहीशी होईल. याउलट जागतिक वक्र यांत्रिकपणे लावला, तर लहान पण निरोगी बाळांवरही ‘कमी वाढीचे’ असा शिक्का बसेल. आईचे दूध पुरत नसल्याचा समज होऊन वरचे दूध सुरू होण्याचा धोकाही संभवतो. एका बाजूला उपेक्षा, दुसऱ्या बाजूला अनावश्यक उपचार, असा हा पेच आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की, नवजात अर्भकाचे ‘सामान्य’ माप निसर्गात तयार सापडत नाही. कोणाला मोजायचे व कोणाला वगळायचे, या निर्णयांतून ते घडते. म्हणून प्रत्येक तक्त्यावर तो संदर्भ आहे की मानक, आणि तो कोणत्या मातांच्या बाळांवर आधारलेला आहे, हे स्पष्ट नमूद असणे आवश्यक आहे. मानक सोडून देण्याचे कारण नाही. परंतु त्याचा उपयोग समाजाने मातेला काय दिले, हे तपासण्यासाठी प्रथम व्हावा. समोरच्या बाळाबाबतचा निर्णय मात्र त्याचे गर्भवय, लांबी, डोक्याचा घेर, आईची प्रकृती आणि नंतरच्या आठवड्यांतील वाढ यांवरून घेतला जावा. एका वजनावरून तो घेणे शास्त्रीयही नाही आणि न्याय्यही नाही.