गवताचं परीक्षण

मुलाने अटलांटाजवळ घर घेतलं आणि अंगणातलं गवत निवडायचं काम माझ्यावर टाकलं. ‘‘बाबा, तुम्ही आयुष्यभर नाटकांची परीक्षणं लिहिलीत, हेही बघा,’’ म्हणाला. रीत तीच. आधी लांबून बघायचं, मग जवळून, आणि खर्च दुसऱ्याने करायचा.

गवताचं नाव झॉयसिया. आमच्या आळीत त्याच्या तीन जाती नांदतात. मी मार्चमध्ये पोचलो तेव्हा तिन्ही वाळक्या पेंढ्यासारख्या होत्या. शेजाऱ्यांना मी गवत गेल्याबद्दल दुःखही कळवलं. ते गेलं नव्हतं, थंडीत झोपलं होतं. एप्रिलात उठलं.

पहिलं मेयर. फ्रँक मेयर नावाच्या गृहस्थाने कोरियातून बी धाडलं, त्यातून निवडलेलं हे गवत 1951 साली लोकांना मिळालं. पातं रुंद, जरा राठ, पण तिघांत थंडी सोसण्यात हेच पुढे. दुसरं एमराल्ड, 1955 सालचं. काय रूप! बारीक, गडद, पाऊल ठेवायला संकोच वाटावा असं. पण वाढायला आळशी, आणि खाली मेलेल्या काड्यांची अशी गादी जमते की पाणी मुळांपर्यंत पोचायला कुरकुरतं. कापायला धारदार यंत्र हवं. बोथट पात्याने बकरी चरून गेल्यासारखं दिसतं. थोडक्यात, नटी उत्तम, पण तालमीला मालकाने रोज हजर राहायला हवं. आमचा मालक शनिवारीसुद्धा ऑफिसच्या फोनवर असतो.

तिसरं झिऑन. मऊ, आणि सावलीत इतर दोघांपेक्षा बरं तगणारं. सतरंजीसारखं गुंडाळून आणतात, बिलही सतरंजीचंच वाटतं. तरी मागच्या ओकखाली तेच, आणि पुढच्या उन्हात मेयर, असा निकाल मी दिला. एमराल्ड शेजाऱ्याचं बघावं.

निकालावर सही व्हायच्या आत भांडण निघालं. झॉयसियाची वीण दाट, त्यामुळे तण सहसा शिरत नाही. शिरतं ते बर्म्युडा. मुलगा औषधाची बाटली घेऊन त्याच्यामागे लागला होता. मी चष्मा लावून खाली वाकलो. अहो, ही तर आपली हरळी! दूर्वा!

‘‘मग गणपतीला एकवीस कुठून आणायच्या?’’ सूनबाई दारातून म्हणाली. ‘‘औषध मारलेल्या वाहायच्या का?’’

‘‘बाबा, ही एकदा मेयरमध्ये घुसली की निघत नाही. सगळे पैसे पाण्यात!’’

दोघांचंही खरं होतं. शेवटी नळाजवळ हातभर जागा हरळीला दिली, भोवती पत्र्याची पट्टी पुरली आणि बाटली गॅरेजात गेली. देखरेख माझ्याकडे.

जुलैत पट्टीच्या पलीकडे, मेयरमध्ये, एक कोवळी हरळी दिसली. मुलाला अजून दाखवलेली नाही.