टाळी आणि तारांकित प्रश्न

२९ एप्रिल २०१९ रोजी शिरूर लोकसभा मतदारसंघात मतदान झालं, तेव्हा ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ ही मालिका झी मराठीवर चालू होती. दिवसा प्रचाराच्या गाडीवर दिसणारा उमेदवार रात्री घरातल्या टीव्हीवर छत्रपती संभाजी महाराज म्हणून दिसत होता. डॉ. अमोल कोल्हे यांनी सलग तीन वेळा खासदार झालेल्या शिवाजीराव आढळराव पाटलांना सुमारे ५८ हजार मतांनी हरवलं. २०२४मध्ये त्यांनाच पुन्हा हरवलं, आणि फरक १ लाख ४० हजारांच्या पुढे गेला. मालिका तर फेब्रुवारी २०२०मध्येच संपली होती.

तरीही कोल्हेंविषयी बोलताना आपण अजून प्रेक्षकाच्याच खुर्चीत बसलेले असतो. चाहते म्हणतात, काय बोलतात साहेब! विरोधक म्हणतात, नटच तो, नाटक करणारच. दोघंही खासदाराचं नाही, नटाचं परीक्षण करतात.

तेच आधी करू. नारायणगावचा हा मुलगा मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात एमबीबीएस झाला. २००८मध्ये सुरू झालेल्या ‘राजा शिवछत्रपती’ मालिकेने तो घराघरांत पोचला. त्याचं बळ आवाजात आहे. लांब, जड वाक्य न अडखळता पेलायचं, शेवटच्या शब्दाआधी क्षणभर थांबायचं आणि मग तो शब्द टाकायचा. लोकसभेतली त्यांची भाषणं ऐका, थांबण्याच्या जागा त्याच आहेत. यात गैर काही नाही. वकील राजकारणात आला तर युक्तिवाद सोबत आणतो, नट आला तर आवाज आणेल.

अडचण वेगळी आहे, आणि ती जानेवारी २०२२मध्ये उघडी पडली. ‘व्हाय आय किल्ड गांधी’ या चित्रपटात कोल्हेंनी नथुराम गोडसेची भूमिका केली होती. तो ओटीटीवर येणार म्हटल्यावर वादळ उठलं. चित्रीकरण २०१७चं आहे, तेव्हा मी खासदार नव्हतो, आणि भूमिका केली म्हणजे तो विचार पटला असं होत नाही, ही त्यांची बाजू. पुढे त्यांनी आळंदीला जाऊन आत्मक्लेशही केला.

कलावंत म्हणून ती बाजू शंभर टक्के बरोबर आहे. भूमिका वेगळी, माणूस वेगळा. पण मग हा नियम दोन्हीकडे लागायला हवा. गोडसे साकारला म्हणून कोल्हे गोडसेवादी ठरत नाहीत, तसेच महाराज साकारले म्हणून ते महाराजांचे वारसही ठरत नाहीत. २०१९च्या प्रचारात मात्र ही रेघ कुणालाच ओढायची नव्हती. पक्षाला नाही, उमेदवाराला नाही, आणि खरं सांगायचं तर मतदारालाही नाही.

बैलगाडा शर्यतीचंही असंच झालं. सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये शर्यतींवर बंदी घातली. राज्याने २०१७मध्ये कायदा दुरुस्त केला, तो उच्च न्यायालयात अडकला. डिसेंबर २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३मध्ये घटनापीठाने दुरुस्ती वैध ठरवली. या सगळ्यात विधिमंडळ होतं, वकील होते, गाडामालकांच्या संघटना होत्या. एका खासदाराच्या हातात पाठपुरावा करणं होतं, तो कोल्हेंनी केला. लोकांच्या लक्षात काय राहिलं? फेब्रुवारी २०२२मध्ये निमगाव दावडीच्या घाटात खासदारांनी बाऱ्यांपुढे पळवलेली घोडी. व्हिडिओ व्हायरल झाला. तो होण्यासारखाच होता.

मग खासदार मोजायचा कशावर? आकडे आहेतच. कोल्हेंना २०२३मध्ये संसदरत्न पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार सरकारी नाही, चेन्नईची एक खासगी संस्था तो देते. प्रश्न, चर्चा, खासगी विधेयकं यांची मोजदाद करून. मोजदाद वाईट नाही. पण लोकसभेत दिवसाला तारांकित प्रश्न असतात २० आणि अतारांकित २३०. तारांकितावर उभं राहून मंत्र्याला उपप्रश्न विचारता येतो. अतारांकिताचं फक्त लेखी उत्तर मिळतं. म्हणजे बहुतेक प्रश्नांचा शेवट एका पीडीएफमध्ये होतो. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात किती तिकिटं बंद केली यावर माणूस जोखला जातो, आणि बंद झालेल्या तिकिटातला बग जिवंत असू शकतो हे सगळ्यांना माहीत असतं.

हे केवळ तात्त्विक नाही. शिरूर आणि दौंड या तालुक्यांमधून भीमा वाहते. अलीकडे मांडवगण फराटा, पलीकडे दौंडचा ऊसपट्टा. शिरूरचे खासदार कोल्हे. दौंड बारामती मतदारसंघात, म्हणून तिथल्या खासदार सुप्रिया सुळे. ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने कांदा निर्यातबंदी केली. १९ डिसेंबरला लोकसभेतून एकाच दिवशी ४९ खासदार निलंबित झाले, त्यांत सुळे होत्या आणि कोल्हेही. संसदेच्या सुरक्षाभंगावर निवेदन मागितल्याचं ते प्रकरण. अधिवेशन दोनच दिवस उरलं होतं, पण त्या दोन दिवसांत नदीच्या दोन्ही काठांवरच्या कांद्याला लोकसभेत आवाज नव्हता. आठवड्याने कोल्हेंनी शिवनेरीवरून पुण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयाकडे शेतकरी आक्रोश मोर्चा काढला. सुरुवातीची जागा शिवनेरी! नट तिथेही हजर होता, पण या वेळी प्रश्न खरा होता आणि त्याचाच होता. निर्यातबंदी उठली ४ मे २०२४ला. दौंडचं मतदान ७ मेला होतं, शिरूरचं १३ला. तारखा पुरेशा बोलक्या आहेत.

बिबट्याचा प्रश्न मात्र तारखांनी सुटणारा नाही. दोन्ही काठांच्या उसात तो राहतो, तिथेच पिल्लं वाढवतो. पोरं शाळेत पाठवताना आणि रात्रपाळीच्या विजेवर पाणी द्यायला जाताना माणसं जीव मुठीत धरून जातात. बिबट्या १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणून त्याच्या नसबंदीला केंद्राची परवानगी लागते. शर्यतीपेक्षा हे काम कितीतरी अधिक खासदाराचं. कोल्हेंनी ते लोकसभेत अनेकदा मांडलं. २०२५मध्ये जुन्नर वनविभागासाठी मर्यादित परवानगी मिळाली. याचा व्हिडिओ कुणी स्टेटसला ठेवला नाही. फाइल पुढे सरकते तेव्हा हलगी वाजत नाही.

कोल्हे वाईट खासदार आहेत असं माझं म्हणणं नाही. दोन निवडणुकांनंतर ते मालिकेच्या सावलीतून बरेच बाहेर आले आहेत. सावली सोडवत नाही ती आपल्याला. पुढच्या वेळी त्यांच्या भाषणाची रील आली तर जरूर बघा, आवाज चांगलाच आहे. मग लोकसभेच्या संकेतस्थळावर जाऊन त्याच विषयावर मंत्र्यांनी काय उत्तर दिलं ते वाचा, आणि सहा महिन्यांनी त्याचं काय झालं ते गावात विचारा. दौंडकरांनी हेच सुप्रियाताईंच्या बाबतीत करावं.